माडीवरची माती

त्या रविवारी सकाळी माडीवरच्या खोलीत काय काय होते ते मी नंतर पुष्कळदा मोजले. साडेपाच फूट लांबीची एक लोखंडी दांडी, बावीस पौंडांची. कापसाच्या जिनातून मोडीत निघालेली चार दातेरी चाके, दोन अठ्ठावीस पौंडांची आणि दोन सोळांची. त्यांच्याखाली सागाची फळी, फळीखाली काथ्याची चटई, चटईखाली बारदानाची दुहेरी घडी, आणि त्याखाली शेणाने सारवलेली जमीन. एक खाट, एक टेबल, पाण्याचा माठ, पुस्तकांची पेटी. एक माणूस, वय चोवीस, वजन एकशे अठरा पौंड. सगळे मिळून पाचशे पौंडांच्या आतच. पण ही बेरीज त्या वेळी सुचली नाही. त्या वेळी मी फक्त दांडी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. गुडघे वाकवून, आधी डावी बाजू, मग उजवी. आणि खालून आवाज आला. तो फार लहान होता, ओल्या फडक्याची घडी खाटेवर पडावी एवढाच. मग थोडा वेळ काहीच नाही. मग बेबाबाईंचे मूल रडले, आणि कुणीतरी धावले, आणि माझ्या हातांना लोखंडाचा वास येत होता तो एकाएकी मला सहन होईना.

खाली गेलो तेव्हा तिघेही पाळण्याभोवती उभे होते. घरमालक रतिलालनाना, त्यांच्या पत्नी सुगंधाबाई, ज्यांना गल्लीतले सगळे अक्का म्हणत, आणि बाळंतपणासाठी धुळ्याहून आलेली त्यांची मुलगी बेबाबाई. पाळणा म्हणजे जुन्या लुगड्याची झोळी. ती मधल्या खोलीच्या तुळईला असलेल्या लोखंडी कडीत अडकवलेली असे. त्या तुळईच्या वर माझी खोली, आणि कडीच्या बरोबर वर, हे मला त्या क्षणी प्रथमच कळले, माझी फळी. झोळीत मुलीच्या पायांपाशी लिंबाएवढे मातीचे ढेकूळ पडले होते. मुलगी आता रडायची थांबून स्वतःच्या मुठीकडे बघत होती. बेबाबाईंनी तिला उचलून छातीशी घेतले आणि त्या ओसरीवर निघून गेल्या. नाना वर बघत होते. अक्कांनी ढेकूळ पदरात घेतले, झोळी झटकली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काही नही भाऊ, जुनं घर शे. तू च्या ले."

मला कुणी काही बोलले असते तर बरे झाले असते. मी चहा घेतला. चहात आले जास्त होते, ते जिभेला बोचत होते, आणि मी जुनं घर शे, जुनं घर शे असे मनात घोळवत राहिलो. घर जुने होतेच. जळगावात या भागातली सगळी घरे तशीच आहेत. पण काल ते पडले नव्हते, आणि परवाही नाही. कारण आणि कार्य यांच्यात काळाचे अंतर जितके कमी तितका संशय जास्त, हे मी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना लंबकाच्या प्रयोगापूर्वी सांगतो. दांडी ठेवली, ढेकूळ पडले. दोहोंत एका श्वासाचेही अंतर नव्हते. आणि अक्कांनी मला हे मूल किती नवसांनी झालेले ते सांगितलेले होते. बेबाबाईंचे पहिले मूल दोन महिन्यांचे होऊन धुळ्याला तापाने गेले. ही गोष्ट अक्कांनी मला लसूण सोलता सोलता सांगितली होती, आवाज न बदलता, आणि शेवटी सोललेल्या पाकळ्या मुठीत घेऊन त्या बराच वेळ नुसत्या बसल्या होत्या.

माझी जमीन मी विचार करून निवडली होती. ह्या घरात बिऱ्हाड करायचे ठरले तेव्हा नानांनी मला दोन जागा दाखवल्या होत्या: खाली ओसरीला लागून असलेली खोली आणि ही माडी. खालच्या खोलीत शहाबादी फरशी. ती मी पायाने, टाचेने, हाताच्या पेराने ठोकून पाहिली. फरशीवर लोखंड ठेवले की ते किंचाळते. एखाद्या दिवशी हात निसटला तर फरशीला उभी चीर, आणि न निसटता रोज ठेवले तरी सांध्यातला चुना हळूहळू मोकळा होणार. अंगणाची जमीन त्या मानाने उत्तम, ठोकलेली, जिवंत. पण अंगणात बायकांची धुणी-भांडी, आणि त्यांच्यापुढे लंगोट लावून दांडी उचलणे माझ्याने झाले नसते. माडीवर मात्र सारवलेली माती. पहिल्या दिवशी तिच्यावर उभा राहिलो आणि टाच आपटून पाहिली, तर आवाज आत कुठेतरी जाऊन विझला. इतकी खोल, इतकी मऊ जमीन मी कधी पायाखाली अनुभवली नव्हती. मी म्हटले, हीच. मग तिची त्वचा जपण्यासाठी काय काय केले. आधी नुसते बारदान, पण चाकांच्या दात्यांनी त्याला भोके पडली. मग चटई. मग फळी, कारण दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. दोन चाकांच्या कडांवर पडणारे वजन चार चौरस फुटांवर पसरले की मातीवर वळही उठत नाही. आठवड्यातून एकदा अक्का सारवायला येत तेव्हा मी सगळे सामान खाटेखाली सरकवून देई, आणि त्या जमिनीवरून हात फिरवून म्हणत, मास्तरांनी जमीन पोरीसारखी ठेवली आहे. मला त्याचा अभिमान वाटे. जमिनीच्या वरच्या पाव इंचाची मी इतकी काळजी घेतली होती की तिच्या खाली काय आहे हे विचारायचेच राहून गेले होते.

त्या दिवसापासून मी लोखंड उचलणे थांबवले. चाके दांडीतून काढून भिंतीशी लावली, एकेक वेगळे, जणू वेगळे ठेवल्याने ती हलकी होणार होती. बेबाबाईंची खाट ओसरीवर गेली. चैत्र लागला होता, ओसरीवर दुपारी वाऱ्याच्या झळा येत, आणि मुलीला घामोळे उठले. मधली खोली गार होती, माठाजवळ बसल्यासारखी गार, पण तिथे आता कुणी बसत नसे. मी वर खाटेवर पडून छातीवर हात ठेवून श्वास मोजत असे. ही सवय पुण्याची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी उजव्या छातीत पाणी झाले आणि मी इस्पितळात पडलो. बरा झालो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फीत लावली: श्वास सोडून एकतीस, भरून बत्तीस. एक इंच. ते म्हणाले, फुप्फुस चिकटले आहे, त्याला कामाला लावा, नाहीतर तेवढ्यावरच राहील. फैजपूरला घरी गेलो. केळीचा तोडा चालला होता. मी एक घड खांद्यावर घेतला, चाळीसेक पौंडांचा असेल, आणि बांधापर्यंत जाता जाता डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. आबा, माझे वडील, बांधावर व्यापाऱ्याशी बोलत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बोलणे न थांबवता एका हाताने माझ्या खांद्यावरून घड उचलला आणि गाडीत ठेवला, जशी खुंटीवरची पिशवी काढावी तसा. व्यापाऱ्याला ते केळीच्या दराबद्दल काहीतरी सांगत होते आणि त्या वाक्यात कुठे खंडही पडला नाही. ते रागावले असते, हसले असते, तरी चालले असते. ते न तुटलेले वाक्य अजून माझ्या खांद्यावर आहे.

म्हणून लोखंड. म्हणून जिनाच्या मोडीतली चाके, रोज सकाळी, उपाशी पोटी. आता फीत पावणेतीन इंच दाखवत होती. दोन वर्षांत पावणेदोन इंच वाढ. रात्री कूस बदलताना उजवी बाजू आता ओढत नव्हती, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवताना मधेच थांबावे लागत नव्हते. हे सगळे आता भिंतीशी टेकून उभे होते, आणि थांबवले तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगून ठेवले होते.

चार दिवसांनी मी नानांना विचारून मधल्या खोलीत दोरी बांधली. तुळईची दोन्ही टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे बाजूने, खालच्या कडेशी, दोन खिळे ठोकून रेशमी दोरी ताणली, आणि तुळईच्या मध्यावर, पाळण्याच्या कडीशेजारी, पितळी पट्टी उभी लावली. तुळई दोरीच्या किती खाली येते ते वाचायचे होते. नाना तंबाखू मळत बघत होते. म्हणाले, "मास्तर, तुम्ही लोखंड उचलता, का लोखंड तुम्हाला उचलतं? तोंड पाहा तुमचं." मी पट्टी वाचली. एक इंच सहा सूत. पुन्हा वाचली. एक इंच सहा सूत म्हणजे पावणेदोन इंच.

मला हे आकड्याचे साम्य निरर्थक आहे हे माहीत होते. छातीचा घेर आणि लाकडाचा झोक यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. इंच दोघांना समान आहे इतकेच. तरी मी तिथेच उभा राहिलो आणि पट्टी तिसऱ्यांदा वाचली. जितका मी भरलो तितकी ती वाकली. वर मी श्वास घेत होतो, आणि तो श्वास खालून, ह्या झोळीवरून, उपसला जात होता. एखाद्या नळीत एका टोकाला पारा चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो. मी नानांना फक्त आकडा सांगितला. ते म्हणाले, पूर्वी किती होता कोण जाणे, कुणी मोजला होता? आणि हे खरे होते, पण त्याने मला बरे वाटले नाही.

मोजायचा एकच मार्ग होता. मुलगी ओसरीवर, मधली खोली रिकामी, अशी वेळ पाहून मी लोखंड सगळे वर माडीवर फळीवर ठेवले, खाली येऊन पट्टी वाचली, वर जाऊन लोखंड जिन्यात काढून ठेवले, पुन्हा वाचली. फरक नाही. मग मी नानांना पट्टीपाशी उभे केले आणि स्वतः लोखंड घेऊन फळीवर उभा राहिलो. नाना खालून ओरडले, "तितकंच आहे!" मी म्हटले नीट पाहा, डोळा दोरीच्या पातळीत आणा. ते म्हणाले, डोळ्यांनी कापसाचा धागा ओळखतो, तितकंच आहे. दोनशे अठ्ठावीस पौंडांनी तुळई अर्धा सूतही हलत नव्हती. मग ती पावणेदोन इंच वाकली कशाने?

मला सुटका वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि उत्तर नसलेली सुटका मला घेता येत नाही. मी माडीवर बसून जमिनीकडे बघत राहिलो. ती मऊ होती. ती खोल होती. खोल! हा शब्द मी पहिल्याच दिवशी वापरला होता, टाच आपटून. अशा माडीला तुळईवर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर माती असते. ती माती चारेक इंच असते. मी नानांकडून छत्रीची मोडकी काडी आणली, भिंतीच्या कडेला माठाच्या घडवंचीमागे जमीन ओली केली, आणि काडी आत घातली. चार इंच गेली. सहा. मी थांबलो, पुन्हा दाबली. आठ, दहा. काडी माझ्या बोटांतून स्वतःहून जात असल्यासारखी जात होती. चौदा इंचांवर ती लाकडाला टेकली आणि मला हाताला ती टक्क अशी जाणवली, दात डॉक्टरच्या हत्याराला लागतो तशी.

तिथे मी हातभर रुंदीचा खड्डा केला. त्याच्या बाजूला थर दिसत होते. पांढरी खारी माती, मग शेणाची एक काळसर रेघ, मग पांढरी, मग रेघ. खालचे थर जाड होते आणि वरचे पातळ. मी ते मोजू लागलो आणि मोजता मोजता मला विलक्षण शांत वाटू लागले. मी विसरलोच की मी कशासाठी खणत आहे. अक्का शेणाचे घमेले घेऊन वर आल्या तेव्हा मी पोटावर पडून खड्ड्यात डोळा लावून होतो. त्या घाबरल्या. मी त्यांना थर दाखवले आणि विचारले, हे काय?

त्या खाली बसल्या आणि बघत राहिल्या. मग हळूहळू, थोडे मला आणि थोडे स्वतःला सांगितल्यासारखे, त्यांनी सांगितले. त्या सून म्हणून आल्या तेव्हा इथे माडी नव्हती, उघडे धाबे, मातीचे सपाट छप्पर, होते. पावसाआधी, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पिंप्राळ्याच्या वाटेवरच्या खाणीतून खारी माती आणायची आणि धाब्यावर तिचा थर द्यायचा, म्हणजे घर गळत नाही. पुढे नानांनी धाब्यावरच भिंती उचलल्या, वर पत्रे टाकले, माडी झाली. खालची माती कुणी काढली नाही. मी विचारले, पण हे वरचे थर? पत्रे आल्यावर मातीचे काय काम? अक्कांना हा प्रश्न चमत्कारिक वाटला. म्हणाल्या, सासू सांगून गेली होती, आखाजीले घरले माटी देवानी, घराला माती द्यायचीच. "पत्रा आज शे, उद्या वारा उडाई ली जाई." म्हणून दरसाल, माहेरवाशिणी झोके बांधायच्या आत, एक टोपली माती, पाणी, आणि हाताने चोपायची. बिऱ्हाडकरू असला तरी. मागच्या वर्षी मी सुटीत फैजपूरला गेलो होतो तेव्हासुद्धा. मला आठवले, परत आल्यावर जमीन नवी वाटली होती आणि मला ते आवडले होते.

मी टेबलावरून कागद घेतला. खोली बारा फूट बाय दहा. चार इंच हवेत, दहा जास्त. शंभर घनफूट. एक ढेकूळ कॉलेजात नेऊन काट्यावर तोलले, मेण लावून पाण्यात बुडवले. घनफुटाला शहाण्णव पौंड निघाले. नऊ हजार सहाशे पौंड. माझे लोखंड एकशे दहा. सत्याऐंशी पट. हा भागाकार मी प्रयोगशाळेत, रिकाम्या बाकावर बसून केला, आणि पेन खाली ठेवल्यावर मी हसलो. एकटाच, मोठ्याने. उजव्या बाजूपर्यंत हसू गेले आणि तिथे काही दुखले नाही. ढेकूळ माझ्या लोखंडाने पडले असेल; वाकलेल्या तुळईवरच्या फळ्यांच्या फटीत ते मोकळे होऊन बसले होते, एवढ्याशा धक्क्याची वाट पाहत. पण तुळई माझ्याने वाकली नव्हती. मी कुणाच्या डोक्यावर उभा राहून बरा झालो नव्हतो. बाहेर पडलो तर ऊन डोळ्यांत शिरत होते आणि रस्त्यातल्या बैलगाड्या, सरकीची पोती, उसाच्या रसाचा घुंगरू लावलेला चरक, सगळे जरा वर उचलल्यासारखे दिसत होते.

घराच्या कोपऱ्यावर येईपर्यंत हे टिकले. मग लक्षात आले की वजन नाहीसे झाले नव्हते, नुसते माझ्यावरून अक्कांवर गेले होते. आता मला जाऊन त्यांना सांगायचे होते की तुमच्या हातांनी, दर आखाजीला, ओंजळ ओंजळ करून, तुम्ही हे तुमच्या नातीच्या पाळण्यावर रचले आहे. नऊ हजार सहाशे हा आकडा त्यांच्यापुढे कसा ठेवायचा? मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिलो. सांगितले नाही तर लोखंड काढून मी दुसरी खोली पाहीन, लोक म्हणतील मास्तर समजूतदार निघाला, आणि माती तशीच राहील आणि पुढच्या महिन्यात आणखी एक टोपली. मी तुळईविषयी बोलू लागलो, लाकूड, फटी, वाळवी, काहीतरी लांबून. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवले नाहीत.

"तुनं लोखंड नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "मनी माटी भारी शे. मी परवाच वळखं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. खड्ड्यातले थर पाहिले त्याच दिवशी त्यांना ते कळले होते. मी आकडा सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, माती काढायला सासू नाही म्हणाली नसती. ती कंजूष होती, माती अशी वाया घातलेली तिला चालली नसती. आणि त्या हसल्या, आणि मला एवढे मोकळे वाटले की मी तिथेच जमिनीवर बसून कोरडी भाकरी खाल्ली.

अडचण नानांची निघाली. नानांना आकडा आवडला, त्यांनी तो ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला, पण माती काढायला ते तयार होईनात. एक म्हणजे खालचा गारवा त्या मातीचा. ती काढली की वैशाखात मधली खोली भट्टी होईल. हे खरे होते आणि मी ते नाकारले नाही. दुसरे म्हणजे घरात बाळंतीण असताना घराला कुदळ लावत नाहीत. बेबा सव्वा महिन्याने धुळ्याला जाईल, मग काढू, इतकी वर्षे उभे आहे, महिन्याने काय होते. मी म्हटले, इतकी वर्षे उभे आहे म्हणूनच. ते म्हणाले, मास्तर, शास्त्र तुमचे आणि घर माझे. महिना. पुढच्या महिन्यात पडेल असे माझ्या गणितात कुठे नव्हते. पडणार नाही असेही नव्हते. मला फक्त झोक माहीत होता, लाकडाच्या पोटात काय आहे ते नव्हते.

बेबाबाई तोवर दारात येऊन उभ्या होत्या, मुलगी खांद्यावर. त्या माझ्याशी क्वचितच बोलत आणि वडिलांसमोर तर त्यांचा आवाज मी ऐकलाच नव्हता. धुळ्याला पहिले मूल तापाने फणफणले तेव्हा थोरले दीर गावाहून येऊन हो म्हणेपर्यंत त्याला दवाखान्यात न्यायचे नाही असे ठरले होते, हे अक्कांनी मला सांगितले होते, आणि बहुधा नानांनाही कुणी त्याची पुन्हा कधी आठवण करून दिली नव्हती.

"मांगली खेपले बठ्ठा वाट देखत व्हतात," बेबाबाई म्हणाल्या. मागच्या खेपेलाही सगळे वाटच बघत बसले होते.

नानांनी तंबाखू मळायची थांबवली. त्यांनी हातातला तंबाखू पुन्हा डबीत घातला, जो मळून झालेला होता आणि परत घालायचा नसतो, आणि उठून मागे गेले. मला वाटले ते रागावून गेले. ते कुदळ घेऊन आले.

जीवराम मिस्त्रीला बोलावले. त्याने तुळईला दोन टेकू दिले, वर येऊन खड्डा पाहिला आणि नानांना म्हणाला, माडीवर कपाशी लावा, एवढी काळी-पांढरी माती गावात कुणाच्या वावरात नाही. माती टोपल्यांनी खाली जाऊ लागली. परसात तिचा ढीग झाला, अंगणभर पांढरा धुरळा, अक्कांच्या भुवया पांढऱ्या. मीही टोपल्या वाहिल्या. चाळीस पौंडांची टोपली खांद्यावर घेऊन जिना उतरताना मी डोळ्यांपुढे ठिपके येतात का ते पाहत होतो. आले नाहीत, घाम आला, मातीचा थंड, जुना, बंद वास आला, आणि एकदा जिन्यात नानांना वाट देताना मी काहीतरी सांगत होतो ते वाक्य न थांबता पुरे केले. माती चार इंचांवर आल्यावर जीवरामने फटींत पट्ट्या ठोकल्या, तुळईला चाकूचे टोक ठिकठिकाणी खुपसून पाहिले, साग आहे, आत कुठे पोकळ नाही म्हणाला, आणि टेकू काढले. अक्कांनी जमीन सारवली. गारवा गेला तो गेलाच. दुपारी मधली खोली पूर्वीपेक्षा तापू लागली, आणि नाना खिडकीला वाळ्याचा पडदा बांधून दर तासाला त्यावर पाणी मारत आणि माझ्याकडे बघत.

आता जमीन पुन्हा निवडायची होती, आणि या वेळी खालून. कड्यांची टोके भिंतीत जिथे शिरतात त्या कडेला, खोलीच्या मध्यापासून दूर, मी जागा धरली. खाली मधल्या खोलीत पाण्याने भरलेली परात ठेवली आणि वर निरनिराळ्या बिछायतींवर शेराचे वजन हातभर उंचीवरून सोडून पाहिले. परातीतल्या पाण्यावर तरंग उठतो का ते अक्का सांगत. मोटारीच्या टायरचा तुकडा खालच्या पाण्याला बरा, पण वजन उसळून माझ्या नडगीवर आले. वाळलेल्या केळीच्या सोपटांची चटई मी आशेने आणली होती. चार वेळा मारल्यावर तिचा भुगा झाला. नुसता कापूस दबून मेला. शेवटी जिनातल्या कचरा-कापसाच्या दोन गाद्या, अक्कांनी आडव्याउभ्या टाक्यांनी इतक्या घट्ट शिवल्या की बोट रुतू नये, त्यांवर काथ्याची चटई, आणि तीन कड्यांवर आडवी जाईल एवढी लांब फळी. यावर पाणी हलले नाही. अक्का म्हणाल्या, या गादीवर लोखंड झोपणार, आणि माणूस सुंभाच्या खाटेवर.

तरी मी लोखंड उचलले नाही. एक-दोन दिवस चाके पुसून ठेवली, दांडीला तेल लावले. शुक्रवारी सकाळी खालून मुलीचा आवाज आला, ओसरीवरून नव्हे, जवळून. जिन्यातून वाकून पाहिले तर बेबाबाई मधल्या खोलीत स्टुलावर चढून झोळी तुळईच्या कडीत अडकवत होत्या. कुणाला विचारले नव्हते. मुलीला झोळीत ठेवले, झोका दिला नाही, आणि पट्टीपाशी उभ्या राहिल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. सूत कसे वाचायचे ते मी नानांना समजावत असताना त्यांनी ओसरीवरून ऐकले असावे. वर न बघता म्हणाल्या, "ठेवा भाऊ. मी देखस."

मी चाके चढवली. दांडी उचलली, छातीपर्यंत, मग डोक्यावर. एवढ्या दिवसांनी ती जड लागत होती, दंड थरथरत होते, आणि वर पत्र्याचा उन्हाने होणारा तडतड आवाज स्पष्ट येत होता. आता ती फक्त खाली ठेवायची होती. मी तसाच उभा राहिलो. उजव्या फासळ्यांखाली श्वास आत गेला, आणि आणखी आत गेला. खाली झोळी होती, झोळीत ते मूल होते, आणि मध्ये चार इंच माती, तीन कड्या, दोन गाद्या. गुडघे वाकवले. आधी डावी बाजू, मग उजवी. लोखंड गादीत बसले तेव्हा माझ्याच कानांना आवाज आला नाही. मी हात दांडीवरून काढले आणि वाट पाहिली.

माती निघाल्यावर तुळई चार सूत वर आली होती; ठेवण्यापूर्वी एक इंच दोन सूत होते. खालून बेबाबाईंनी वाचून सांगितले: एक इंच दोन सूत.